व्होल्टेज आणि करंट मोजले. आता रोध आणि वॅट कसे काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर आहे. तो चालू असताना त्याच्या सॉकेटवर २०८ व्होल्ट आणि वायरमध्ये ७.९ अँपिअर मिळाले. गुणाकार १६४३ वॅट, म्हणजे २००० पेक्षा बराच कमी. विहिरीवर दीड एचपीचा सिंगल फेज पंप आहे. तिथे २०५ व्होल्ट आणि ९.८ अँपिअर, गुणाकार २००९. पण दीड एचपी म्हणजे १११९ वॅट, मग इथे जास्त कसे? नंतर सगळं बंद करून, वायरी सोडवून मल्टिमीटरने थेट ओहम मोजले. गिझर २६ ओहम दाखवतो आणि भागाकारानेही २६.३ येतात, म्हणजे जुळलं. पंप २ ओहम दाखवतो, भागाकाराने मात्र २१ येतात. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब ३८ ओहम दाखवतो, हिशोबाने ५२९ यायला हवेत. सूत्र एकच असताना एका ठिकाणी जुळतं आणि दोन ठिकाणी का जुळत नाही? मीटर बिघडलाय की उपकरणं?

मीटर ठीक आहे, गिझर ठीक आहे, बल्बही ठीक आहे. पंपाबद्दल एवढ्या आकड्यांवरून ठाम बोलता येत नाही, पण त्याचेही आकडे विचित्र नाहीत. तुमच्या घरात दुरुस्त करण्यासारखी गोष्ट मला दिसते ती वायरिंगमध्ये, आणि ती तुम्ही विचारलेल्या सूत्रानेच सापडते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सूत्रं दोनच. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. ‘करंटचा वर्ग गुणिले रोध’ आणि ‘व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध’ ही दोन्ही त्यांच्यातूनच निघतात, वेगळी पाठ करायला नकोत. खरं लक्षात ठेवायचं ते हे की व्होल्टेज नेहमी दोन टोकांमधलं असतं. मीटरच्या लाल-काळ्या वायरी जिथे टेकवल्या, त्या दोन टोकांच्या मधल्या भागाचंच गणित तुम्ही करता आहात. करंट त्याच भागातून जाणारा हवा आणि दोन्ही आकडे एकाच वेळचे हवेत. व्होल्टेज सकाळचं, करंट संध्याकाळचा. किंवा व्होल्टेज मेन बोर्डावरचं आणि करंट बाथरूममधला. किंवा व्होल्टेज नेमप्लेटवरून घेतलेलं आणि करंट मोजलेला. अशा जोड्यांतून आलेलं उत्तर कोणत्याच वस्तूचं नसतं.

हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जॉर्ज सायमन ओहम यांनाही हीच अडचण आली होती. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज करंट काढला की घसरत जायचं, त्यामुळे एका मोजणीची दुसरीशी तुलनाच होत नसे. १८२६ मध्ये त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबं व बिस्मथ यांचे जोड वापरले. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन जोडांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्टेज तयार होतं. तो फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. नियम त्या मोजणीतून नीट हाती आला आणि १८२७ मध्ये त्यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता गावातलं व्होल्टेज कसं हलतं ते पाहिलं की ही खबरदारी आजही किती लागते ते कळतं.

आता गिझर. त्यावर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला २००० ने भागलं की २६.४५ ओहम. हा कॉइलचा रोध, आणि तो कारखान्यात वायरीची जाडी व लांबी ठरली तेव्हाच ठरला. तुमच्याकडे २०८ भागिले ७.९ म्हणजे २६.३ ओहम आले. कॉइल जशी हवी तशीच आहे. घरगुती तापणाऱ्या उपकरणांना लिहिलेल्या वॅटपेक्षा ५ टक्के जास्त किंवा १० टक्के कमी असण्याची मुभा मानकांत असते, त्यामुळे २००० वॅटच्या गिझरची कॉइल साधारण २५ ते २९ ओहमच्या मध्ये कुठेही असली तरी तक्रार करायचं कारण नाही.

मग ३५७ वॅट गेले कुठे? कुठेच गेले नाहीत, ते आलेच नाहीत. रोध तोच राहिला आणि व्होल्टेज २३० चं २०८ झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो. दोन्ही कमी झाल्यामुळे वॅटवर दुहेरी परिणाम होतो. २०८ भागिले २३० म्हणजे ०.९०४, त्याचा वर्ग ०.८२. व्होल्टेज दहा टक्क्यांहूनही थोडं कमीच घसरलं आणि वॅट अठरा टक्के घसरले. गिझर, इस्त्री, हॉटप्लेट, इमर्शन रॉड, सगळ्यांना हे लागू आहे. नेमप्लेटवरचे वॅट हे ‘इतकं व्होल्टेज मिळालं तर’ या अटीचे असतात.

याचा बिलावर काय परिणाम होतो हे पुष्कळ जण विचारतात, म्हणून तेही इथेच करू. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे २२०० किलोजूल लागतात, म्हणजे ०.६१ युनिट. २००० वॅटने ते साधारण १८ मिनिटांत होईल, १६४३ वॅटने २२ मिनिटांत. टाकीतून बाहेर जाणारी थोडी उष्णता सोडली तर युनिट तितकेच. कमी व्होल्टेजमुळे गिझरचं बिल वाढत नाही, तुमची चार मिनिटं जातात. कॉइलवर क्षाराचा थर बसला की गिझर वीज जास्त खातो, हाही असाच पसरलेला समज. थरामुळे रोध बदलत नाही, म्हणून वॅटही बदलत नाहीत. होतं ते असं की आतली उष्णता पाण्याकडे सहज जात नाही, कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते. थर काढायचा तो कॉइल वाचवण्यासाठी.

गिझर थंड असताना मोजलेला रोध आणि चालू असतानाचा रोध जुळला, कारण त्याची कॉइल निक्रोमसारख्या मिश्रधातूची असते आणि त्याचा रोध तापल्यावर फारसा वाढत नाही. बल्बची तार टंगस्टनची. ती लखलखते तेव्हा अडीच हजार अंशांच्या आसपास असते आणि तिचा रोध थंड असतानाच्या चौदा-पंधरा पट झालेला असतो. तुमचे ३८ ओहम आणि हिशोबाचे ५२९ हे दोन्ही खरे आहेत, दोन वेगळ्या तापमानांचे आहेत. पिवळे बल्ब नेहमी बटण दाबल्याच्या क्षणीच का जायचे तेही इथे दिसतं: त्या क्षणी तार थंड असते, करंट कित्येक पट असतो आणि तार जिथे झिजून बारीक झालेली असते तिथे तुटते.

आता आयटीआयच्या मुलांना हमखास अडवणारी एक शंका. एक सूत्र म्हणतं, वॅट म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे रोध वाढला की उष्णता वाढणार. दुसरं म्हणतं, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे रोध वाढला की उष्णता कमी होणार. खरं कोणतं? दोन्ही. तुमच्या जोडणीत कायम काय राहतंय ते आधी पाहायचं. गिझरची कॉइल थेट फेज-न्यूट्रलमध्ये आहे. तिच्या टोकांवरचं व्होल्टेज बोर्डाने ठरवलंय, कॉइलच्या रोधाने ते बदलत नाही. तिथे रोध कमी म्हणजे उष्णता जास्त, म्हणूनच ३००० वॅटच्या कॉइलचा रोध २००० वॅटच्या कॉइलपेक्षा कमी असतो. पण गिझरकडे जाणारी वायर, सॉकेट, पिन, स्विचचा कॉन्टॅक्ट हे सगळे कॉइलच्या रांगेत आहेत. त्यांच्यातून किती करंट जायचा ते कॉइलने ठरवलंय, आठ अँपिअर. तिथे रोध जास्त म्हणजे उष्णता जास्त. गिझरच्या सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होतं ते याचमुळे.

आणि इथूनच तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. तुम्ही सहज लिहून गेलात की गिझर बंद असताना त्याच सॉकेटवर २२१ व्होल्ट होते. हा आकडा मला सगळ्यांत कामाचा वाटला. २२१ चे २०८ झाले, म्हणजे १३ व्होल्ट वाटेत खर्च झाले. वाटेतून जाणारा करंट ७.९. तेरा भागिले ७.९ म्हणजे १.६५ ओहम. डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, तुमच्या सॉकेटपर्यंत आणि परत, सगळ्या वायरी आणि सगळे जोड मिळून हा रोध आहे. भागाकार तोच, फक्त वजाबाकी करून आलेला व्होल्टेज वापरला.

हे १.६५ कुठे कुठे वाटले गेलेत ते शोधायला आणखी दोन आकडे लागतील. मेन बोर्डावर, म्हणजे डीबीत जिथे बाहेरची लाइन येते तिथे, गिझर बंद आणि गिझर चालू अशा दोन्ही वेळचं व्होल्टेज. समजा तिथे २२१ चे २१७ होतात. म्हणजे ४ व्होल्ट डीपी ते डीबी या टप्प्यात गेले, अर्धा ओहम. खेड्यात डीपी लांब असेल तर एवढं असतं, त्याला घरात बसून इलाज नाही. उरलेले ९ व्होल्ट डीबी ते बाथरूम या टप्प्यात गेले, म्हणजे १.१४ ओहम.

आता वायरीचा हिशोब लावा. घरगुती तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त किती असावा हे मानकांत दिलेलं आहे: १ चौरस मिलिमीटरला १९.५ ओहम, दीडला १३.३, अडीचला ७.९८, चारला ४.९५, सहाला ३.३०. डीबीपासून बाथरूम १५ मीटर धरू. जायची आणि यायची मिळून ३० मीटर. दीडची वायर असेल तर ०.४ ओहम, अडीचची असेल तर ०.२४. मोजून आले १.१४. म्हणजे दीडची वायर धरली तरी किमान ०.७४ ओहम वायरीचे नाहीत. ते एखाद्या ढिल्या स्क्रूचे, काळ्या पडलेल्या सॉकेटचे, टेप गुंडाळून केलेल्या जोडाचे किंवा एमसीबीच्या न आवळलेल्या टर्मिनलचे आहेत. तिथे किती उष्णता होते? ७.९ चा वर्ग ६२.४, गुणिले ०.७४, म्हणजे ४६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता तुमच्या भिंतीत, प्लास्टिकच्या डबीत, एखाद्या ठिपक्याएवढ्या जागी साठत असू शकते. एमसीबी यावर काहीच करणार नाही, कारण करंट वाढलेला नाही, उलट किंचित कमीच झालाय. घरांत वायरिंगमुळे लागणाऱ्या आगी पाहिल्या की असा ढिला जोड त्यांत पुन्हा पुन्हा भेटतो, आणि सगळे मात्र ‘शॉर्टसर्किट’ म्हणून मोकळे होतात.

अशा जोडाचा रोध मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर सापडत नाही. एक तर मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. दुसरं म्हणजे ढिला जोड थंड असताना, मीटरच्या नगण्य करंटला अनेकदा नीट वाट देतो आणि आठ अँपिअर गेल्यावर, तापल्यावर आपला खरा रोध दाखवतो. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेजचा फरक मोजायचा आणि करंटने भागायचं. कमी रोध शोधायची याहून खात्रीची पद्धत साध्या साधनांत नाही. मोटर रिवाइंडिंगवाले असोत की बॅटरीवाले, जाणते लोक हेच करतात.

फक्त एक गोष्ट कळकळीने सांगतो. सॉकेटवर मीटर लावून व्होल्टेज वाचणं वेगळं आणि चालू लाइनवर डीबीचं झाकण काढून टर्मिनलवर टोकं टेकवणं वेगळं. दुसरं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याला नेमकं सांगा, ‘गिझर चालू-बंद करून दोन्ही टोकांचं व्होल्टेज बघा.’ ओहम रेंज तर चालू लाइनवर कधीच नाही. सप्लाय बंद, वस्तू दोन्ही वायरींपासून मोकळी, मगच.

मोजणीच्या खात्रीबद्दल थोडं. तुमच्या क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर) ७.९ दिसले, पण मोठ्या रेंजच्या स्वस्त क्लॅम्पची अचूकता ‘अधिक-उणे दोन टक्के आणि वर पाच अंक’ अशी लिहिलेली असते. शेवटचा अंक ०.१ चा असेल तर पाच अंक म्हणजे अर्धा अँपिअर. म्हणजे खरा करंट ७.२ ते ८.६ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो आणि रोध २४ ते २९. त्यामुळे कॅल्क्युलेटरवर आलेलं २६.३२९१ जसंच्या तसं लिहू नका, २६ पुरे. यावर सोपा उपाय आहे. फेजची एकच वायर क्लॅम्पच्या जबड्यातून पाच वेढे देऊन न्या. मीटर पाचपट करंट दाखवेल, त्याला पाचने भागा, म्हणजे त्या अर्ध्या अँपिअरच्या चुकीचाही पाचवा भाग होईल. त्यासाठी फेज आणि न्यूट्रल वेगळे काढलेली छोटी एक्स्टेन्शन बनवून ठेवा. जबड्यात दोन्ही वायरी एकत्र आल्या तर मीटर शून्य दाखवतो, कारण एकीतला करंट दुसरीच्या उलट दिशेने असतो.

आता पंप, तुमच्या प्रश्नाचा सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग.

पहिली गोष्ट, १११९ वॅट ही मोटर जे देते त्याची बाजू आहे. एचपी म्हणजे शाफ्टवर मिळणारं काम. एका एचपीला ७४६ धरून दीड एचपीचे १११९ होतात, प्लेटवर बहुधा १.१ किलोवॅट लिहिलेलं असतं. मोटर लाइनमधून घेते ते यापेक्षा जास्तच असणार, कारण वाइंडिंग तापतं, लोखंड तापतं, बेअरिंग आणि पंखा आपला वाटा घेतात.

दुसरी गोष्ट, मोटरमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत. मोटरमध्ये वाइंडिंग आहे, तिच्यात चुंबकत्व उभं राहतं आणि मावळतं, सेकंदाला शंभर वेळा. त्यासाठी घेतलेली वीज मोटर खर्च करत नाही, पुढच्या क्षणी लाइनला परत करते. मीटरला करंट सगळा दिसतो, पण त्यातला एक भाग नुसता येरझाऱ्या घालतो. म्हणून तुमच्या २००९ ला व्होल्ट-अँपिअर म्हणायचं आणि त्याला पॉवर फॅक्टरने गुणलं की खरे वॅट मिळतात. गिझरला हा फॅक्टर एक असतो, म्हणून तिथे साधा गुणाकार चालला.

पॉवर फॅक्टर कळायला महागडं यंत्र लागत नाही, तुमच्या घरचा विजेचा मीटर ते काम करतो. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा लुकलुकेल तो आकडा छापलेला असतो. तुमच्याकडे तो ३२०० आहे असं धरतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त पंप चालू ठेवा आणि मोबाइलवर दिव्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून सावकाश मोजा. समजा ९८ वेळा लुकलुकला. तासाला ५८८०, भागिले ३२००, म्हणजे १.८४ किलोवॅट, १८३७ वॅट. पण हे मीटरपाशी आहेत. तुमची विहीर मीटरपासून ८० मीटरवर आहे आणि तिथवर अडीचची तांब्याची वायर आहे असं तुम्ही लिहिलंय. जाऊन-येऊन १६० मीटर, गुणिले किलोमीटरला ७.९८, म्हणजे १.२८ ओहम. ९.८ चा वर्ग गुणिले १.२८, म्हणजे १२३ वॅट वायर तापवण्यात जातात. ते वजा केले की पंपाला १७१४ वॅट मिळतात. १७१४ भागिले २००९ म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८५. आणि मोटर पूर्ण लोडवर १११९ वॅट देत असेल तर १११९ भागिले १७१४, म्हणजे कार्यक्षमता ६५ टक्के. लहान सिंगल फेज मोटरकडून एवढीच अपेक्षा असते. तुमच्या मीटरवर प्रत्यक्ष जो आकडा येईल तो घालून हिशोब पुन्हा करा. फॅक्टर बराच कमी आला, ०.६ च्या आसपास, तर आधी कपॅसिटर तपासून घ्या. त्याची क्षमता कमी झाली की असंच होतं.

शेजारच्या शेतात थ्री फेज पंप असेल तर तिथे हेच गणित १.७३२ ने गुणून होतं. पाच एचपी, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, फॅक्टर ०.८२: १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ७.५ गुणिले ०.८२ म्हणजे सुमारे ४४२० वॅट लाइनमधून, त्यातले ३७०० च्या आसपास शाफ्टवर. तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट सारखे असतील तरच हे चालतं, आणि गावाकडे ते आधी मोजूनच धरावं.

आता २ ओहम आणि २१ ओहम. दोन ओहम हा वाइंडिंगच्या तांब्याचा रोध, मीटरने बॅटरीच्या सरळ करंटने मोजलेला. तो खरा रोध. एकवीस म्हणजे चालत्या मोटरने लाइनला दाखवलेला एकूण अडथळा. मोटर फिरते तेव्हा तिच्या वाइंडिंगमध्ये उलट व्होल्टेज तयार होतं आणि ते येणाऱ्या करंटला थोपवून धरतं. तुमच्या २०५ व्होल्टपैकी मोठा भाग त्याच्याशी झुंजण्यात जातो. त्यामुळे या २१ ला रोध समजून ‘करंटचा वर्ग गुणिले २१’ असं काही काढू नका. तो आकडा स्थिर नाही. पंपात कचरा अडकून मोटर जॅम झाली की उलट व्होल्टेज उरत नाही, अडथळा चार-पाच ओहमवर येतो, करंट चाळीस-पन्नास अँपिअरवर जातो आणि तीच दोन ओहमची वाइंडिंग काही सेकंदांत वास सोडते.

कमी व्होल्टेजला गिझर आणि मोटर एकमेकांच्या उलट वागतात, आणि शेतकऱ्याचं नुकसान इथे होतं. व्होल्टेज कमी झालं की गिझर कमी करंट घेतो आणि निवांत राहतो. मोटरला मात्र तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं आहे. वेग थोडा मंदावतो, पण लोड फारसा हलका होत नाही, म्हणून ती करंट वाढवून काम भागवते. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट वीस टक्के वाढला तर उष्णता चव्वेचाळीस टक्के वाढली. वरून उन्हाळ्याची हवा आणि तासन्‌तास चाललेला पंप. सिंगल फेज ग्राहकाला मिळणारं व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त हलू नये ही मर्यादा १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होती. २३० चे ६ टक्के कमी म्हणजे २१६. तुमच्या मीटरपाशी २१६ पेक्षा कमी येत असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा, सोबत वेळ आणि आकडे लिहा. मीटरपाशी बरं असून पंपापाशीच कमी असेल तर ती जबाबदारी तुमच्या वायरीची.

तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतंय असं मला वाटतं. ९.८ गुणिले १.२८ म्हणजे साडेबारा व्होल्ट वायरीत जातात. पंपापाशी २०५, म्हणजे मीटरपाशी त्या वेळी २१७-२१८ असावेत. मोजून बघा. तेवढेच असतील तर वाटेत कुठे ढिला जोड नाही, वायरच बारीक आहे. २२० किंवा जास्त असतील तर आधी स्टार्टर आणि विहिरीवरचा जोड तपासा. चालू होतानाचा हिशोब आणखी बोलका आहे. त्या क्षणी करंट सहज ४० अँपिअर जातो. ४० गुणिले १.२८ म्हणजे ५१ व्होल्ट एकट्या वायरीत पडतात. मोटरला १७० मिळाले, डीपीकडचा ड्रॉप धरला तर त्याहून कमी. मोटरची उचल व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून १७० ला ती २३० च्या निम्म्याहून थोडीच जास्त उरते. पंप गुरगुरतो, लवकर वेग घेत नाही आणि ओव्हरलोड पडतो, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

तुमच्या जागी मी असतो तर विहिरीची वायर सहा चौरस मिलिमीटरची केली असती. १६० मीटरला ०.५३ ओहम. चालताना ड्रॉप पाच व्होल्ट, वायरीत जाणारे वॅट १२३ वरून ५१ वर. पंप रोज तीन तास चालत असेल तर वर्षाला सुमारे ८० युनिट वाचतील. नुसत्या त्या बचतीवर वायरीचा पैसा लवकर निघणार नाही हे आधीच सांगतो. पण चालू होताना मोटरला १७० ऐवजी २०० च्या आसपास मिळतील, उचल निम्म्यावरून तीन-चतुर्थांशावर जाईल, आणि एकदाचं रिवाइंडिंग वाचलं तरी खर्चाचा बराच भाग वसूल होईल. वायर बदलताना दोन्ही टोकांना तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या टोप्या) दाबून घ्या, मधे जोड ठेवू नका, आणि काम झाल्यावर पंप चालू ठेवून पुन्हा मोजा. मीटरपाशी २१८ असताना पंपापाशी २१२ च्या वर आले पाहिजेत. त्यापेक्षा कमी आले तर वायरमन अजून विहिरीवर आहे तोवरच लग पुन्हा तपासून घ्या.